धवलीनं खाल्लेलं मीठ

गणू मेस्त्रीनं उघड्या इंजिनातलं पांढरं खरवडून बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. पंचवीस वर्षांच्या मेस्त्रीगिरीत त्यानं डिझेल चाखलं होतं, गंजाचं पाणी चाखलं होतं, एकदा ब्रेकचं तेल चाखून दोन दिवस तोंड वाकडं करून हिंडला होता, पण ही चव लागली तशी त्यानं मान वर केली आणि सुकापूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, सकाळी साडेनऊ वाजता, सुनेच्या हातच्या आमटीबद्दल सासऱ्यानं जपून बोलावं तशा आवाजात म्हणाला, "काका, खारट हाय."

काशिरामनं ऐकलं आणि तो समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत राहिला. आजच्या चौकोनात काळा ठिपका होता. आज अवस आहे हे त्याला कॅलेंडरानं सांगायची गरज नव्हती. शेजारी त्याचा मुलगा मितेश उभा होता. इतका वेळ मितेश रीसेल, मायलेज, फिटनेस असले शब्द एकामागून एक मांडत होता. गणूचं बोट जिभेला लागलं त्या क्षणी त्याला मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं आणि तो शेडच्या तोंडाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. ऑफिसचं असेल, असं काशिरामला वाटलं. हल्ली काहीही झालं की ते ऑफिसचंच असतं.

"खारट म्हंजे?" काशिरामनं विचारलं. विचारायला हवं म्हणून.

"खारट म्हंजे मीठ. जेवणातलं." गणूनं बोट पँटला पुसलं. "इंजिनात पाणी फिरायला आतून वाटा असतात ना, त्या वाटाच मिठानं खाल्ल्यात. हेड बघा, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालंय. खाडीत घातलीत काय गाडी?"

खाडीत नाही घातली, असं खरं उत्तर देणं सोपं होतं. पण काशिरामच्या जिभेला खऱ्याची सवय नव्हती आणि गणूच्या कानालाही नव्हती. बारा वर्षांत धवलीचे, म्हणजे ह्या पांढऱ्या गाडीचे, तीन रेडिएटर सडले होते, चार वॉटर पंप गेले होते, आणि दर वेळी गणूनं विचारलं की काशिराम एक नवी हकिकत काढून देत असे. एकदा म्हणे घाटात पाणी संपलं तेव्हा त्यानं रेडिएटरात ताडी ओतली. तर धवली चिरनेरपर्यंत झुलत झुलत गेली आणि वाटेतल्या प्रत्येक ताडाखाली आपोआप थांबली. दुसऱ्यांदा म्हणे उरणच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी बॉनेटपर्यंत चढलं, त्यानं गिअर टाकून तशीच बाहेर काढली, आणि घरी येऊन बघतो तर सायलेन्सरमध्ये पाव किलो कोळंबी. गणू हसायचा, रेडिएटर बदलायचा. हसणाऱ्या माणसाला पुन्हा विचारायचं भान राहत नाही, हे काशिरामनं फार लहानपणी शोधून काढलं होतं आणि त्या एका शोधावर सगळं आयुष्य बऱ्यापैकी निभावून नेलं होतं. आज मात्र गणू हसायला तयार दिसेना. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, आणि मेस्त्री पाना खाली ठेवून बोलायला लागतो तेव्हा ते डॉक्टरनं चष्मा काढण्यासारखंच असतं.

"आता दोन रस्ते," गणू म्हणाला. "एक, इंजिन बांधायचं. ब्लॉक दुसरा आणतो, बोअर करतो, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा सगळं नवीन. महिन्याभरात बांधून देतो, धवली पुन्हा घाट चढेल. पण मीठ कुठून येतं ते कळल्याबिगर मी हात लावणार नाय. बांधलेलं पण खाऊन टाकील. दुसरा रस्ता, करंजाड्याला माझ्या गिऱ्हाइकाची चालू गाडी हाय. विनिता मॅडम, शाळेत होत्या, आता मुलीकडं नाशकाला चालल्यात. एका हातची गाडी, काम काय नाय. तीन वाजता दुसरा माणूस बघायला येतोय. तुमी आता बघून या, जेवा, अन् मला सांगा."

काल दुपारी धवली गाढी नदीच्या पुलावर बसली होती. थांबली नव्हे, बसली. म्हैस बसते तशी, आता तुम्ही काय ते करा म्हणून. बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मागे रिक्षांनी आणि टेम्पोंनी भोंग्यांचा जो काही गजर लावला, त्यात काशिराम स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून बसून राहिला. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. चक्कर नव्हती. वास होता. भर दुपारी, वारा पडलेला असताना, वाफ्यातलं पाणी आटत आटत शेवटच्या बोटभर उंचीवर येतं आणि त्याच्या अंगावर साय धरावी तसं मीठ धरायला लागतं, तेव्हा मिठागरावर जो वास सुटतो तो. गोडही नाही आणि खारटही नाही, तापलेल्या पाण्याच्या घामाचा. बारा वर्षांत त्यानं तो घेतला नव्हता. त्याचं आगर जिथं होतं तिथं आता धावपट्टी आहे, आणि धावपट्टीला कसलाही वास येत नाही, निदान कुंपणाच्या बाहेरून तरी. आणि पुलाच्या मधोमध, एका पांढऱ्या डिझेल गाडीच्या पोटातून तो वास येत होता. कुणीतरी काचेवर थापट्या मारत होतं, "आजोबा, बाजूला घ्या." त्याला वाटलं, जरा थांबा, रास ओढायची वेळ झालीय.

करंजाड्याला जाताना रिक्षात मितेश बोलत होता आणि काशिराम त्या दोन शब्दांशी खेळत होता. बांधायचं, की घ्यायची. गणूला काय, तो मेस्त्री, त्याच्या तोंडी इंजिन बांधायचंच असतं. पण काशिरामच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकच क्रियापद होतं आणि ते हेच. आगराचा बांध बांधायचा. उधाणाच्या भरतीनं त्याला खांड पडली की चिखलाचे गोळे घेऊन धावायचं आणि पुन्हा बांधायचा. त्याचा बाप बांधावर जन्मला असं म्हणत, ते खोटं असेल. पण मेला तो बांधावरच, हे काशिरामनं पाहिलं होतं. आणि आज्याची गोष्ट तर त्यानं स्वतःच इतकी वाढवली होती, की तिच्यातलं मूळ किती आणि चिखल किती हे आता त्यालाही वेगळं करता येत नव्हतं: एका उधाणात मोठी खांड पडली, चिखल संपला, तेव्हा आज्यानं तपासणीला आलेल्या मिठाच्या साहेबाला खुर्चीसकट उचलून खांडीत बसवला, आणि साहेब इतका कामसू की भरती उतरेपर्यंत तिथंच बसून हजेरी लिहीत राहिला. खुर्ची अजून तिथं आहे, धावपट्टीखाली. विमानाला उतरताना जो किंचित धक्का बसतो तो त्याच खुर्चीचा. ही शेवटची पुस्ती काशिरामनं अलीकडेच जोडली होती आणि तिच्यावर तो खूश होता. तर असं ते घर. त्या घरात कुणी बांध विकत घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. मितेशच्या तोंडी मात्र 'घेणं' हे क्रियापद श्वासासारखं येई, आणि त्यात त्याचं चुकत होतं असंही काशिरामला वाटत नव्हतं. आगर गेल्यावर बांधायला काही उरलं नाही, तेव्हा घेतलेली पहिली गोष्ट धवलीच होती.

"बाबा, ऐकताय ना? दुसरा ब्लॉक टाकला तर ती धवली राहणार आहे का?" मितेश म्हणत होता. "नाव तेवढं तिचं. आत कुणाचं तरी भलत्याचंच."

"तुझ्या काकाचं गुडघं बदललं. तवा तो काका राहिला का नाय?"

"गुडघा वेगळा. हे हृदय आहे."

"मग त्याला विचार कर म्हनावं," काशिराम म्हणाला, आणि ह्याला काही अर्थ नाही हे दोघांनाही कळून दोघं दोन बाजूंना बघायला लागले.

विनिताबाईंची गाडी इमारतीच्या खाली खांबांच्या सावलीत उभी होती. करडी, नीटनेटकी, बिछान्यावरची चादर ओढून ठेवावी तशी. बाई स्वतः खाली आल्या, किल्ली दिली, म्हणाल्या, "बसून बघा ना काका." काशिराम बसला. किल्ली फिरवली. काहीच झालं नाही असं वाटून त्यानं पुन्हा फिरवायला हात नेला तर बाई हसल्या, "चालू झालीय." खरंच चालू झाली होती. काट्यांवरून कळत होतं. धवली चालू झाली की आळीतली कुत्री उठून बसत. ही चालू झाली तर बॉनेटवर झोपलेल्या मांजरालाही कळलं नसतं. त्यानं पाय दाबला, सोडला. वास घेतला. कसलाही वास नव्हता. मग तो उतरला आणि बॉनेट उघडायला सांगितलं. आत सगळं काळ्या झाकणांनी झाकलेलं. इंजिन दिसतच नव्हतं, लाजऱ्या घरातल्या माणसांसारखं आतल्या आत वावरत होतं. कोपऱ्यात एक पांढरी प्लास्टिकची बाटली, तिच्यात गुलाबी पाणी.

"पाणी कुठं घालायचं?" त्यानं विचारलं.

"पाणी?" बाईंनी थोडा विचार केला. "नाही काका. हिच्यात काहीच घालायचं नसतं. सहा वर्षांत मी कधी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. सर्व्हिसवाले बघतात."

काहीच घालायचं नसतं. बाईंनी हे गाडीचं कौतुक म्हणून सांगितलं होतं आणि ते कौतुकच होतं. मितेशनं लगेच मान डोलावली, जरा जास्तच डोलावली, आणि पुन्हा त्या बाटलीकडे पाहिलं. काशिराम आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. हात रिकामा होता. आज अवस होती, आणि सकाळपासून तो रिकामा होता.

घरी परतताना त्याच्या डोक्यात हिशेबासारखं काही नव्हतं. नुसती गुणाबाई होती. गुणाबाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती, पण ह्या घरात तिची अनुपस्थिती वेळ पाळून यायची, महिन्याला एकदा, अवसेला. आगर गेलं त्या वर्षीचं शेवटचं मीठ तिनं चिनी मातीच्या मोठ्या बरणीत भरून ठेवलं होतं. जेवणात त्यातलं घालायची नाही; जेवणाला पुडीतलं चालतं म्हणे. मग ते कशाला, हे काशिरामला धवली आल्यावर चौथ्या-पाचव्या महिन्यात कळलं. भल्या पहाटे बाहेर आला तर धवलीचं बॉनेट वर आणि गुणाबाई तिच्यावर ओणवी. ते कसं उघडायचं ते तिला कुणी शिकवलं, देव जाणे. तोवर ती गाडीत पुढच्या सीटवरसुद्धा बसली नव्हती.

"काय करतेस गो?"

"दिष्ट कारतंय." गाडीची दृष्ट काढत होती ती.

"अगो, त्यान पानी असतं."

"मंग? पोराची दिष्ट कारली की मीठ चुलीन टाकतान. हिची चूल कुठं हाय, तुमीच सांगा."

काशिरामनं इंजिनाकडे बोट केलं. बोट केल्यावर आपण हरलो हे त्याच्या लक्षात आलं.

"तीच ती," गुणाबाई म्हणाली, आणि मुठीतलं मीठ रेडिएटरच्या तोंडात सोडलं. "आगराचा मीठ रस्त्यावर टाकू नं लोकांना त्याच्यावरशी गाऱ्या नेव देऊ?"

"तिला बीपी होईल."

"तुमाला झाला? जलमभर माझ्या हातचा खाताव."

तो हसला होता. तिथंच संपायला हवं होतं, किंवा तिथंच त्यानं ते संपवायला हवं होतं. कारण लोखंड आणि मीठ ह्यांचं पुढं काय होतं, हे मितेशला ठाऊक नसेल, गणूला बोट चाखून कळत असेल, पण काशिरामला जन्मापासून ठाऊक होतं. आगरावर फावडं दोन हंगाम टिकत नसे. सायकलीचे आरे सुईसारखे बारीक होऊन एके दिवशी गळून पडत. दाराची कडी, पाण्याचा पंप, बापाच्या छत्रीच्या काड्या, सगळं मीठ खाई. हळूहळू, घाई न करता, घरचंच असल्यासारखं. म्हणजे गुणाबाई काय करते आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि तरी त्यानं तिला थांबवलं नाही. का नाही, ह्याची त्याच्यापाशी एकही चांगली गोष्ट तयार नव्हती, आणि ज्याची गोष्ट तयार नसते त्याचा तो विचार करत नसे. एवढंच आठवतं, की आगर गेल्यापासून गुणाबाईच्या हाताला काम नव्हतं. रास ओढून ओढून तळवे चामड्यासारखे झालेले ते हात मांडीवर पालथे पडलेले असायचे. महिन्यातून एकदा त्यांतला एक मिठात जायचा.

आणि मग ती गेली. जाण्याआधी चार दिवस, सून दिपिका औषध आणायला बाहेर गेली होती तेव्हा, काशिरामचं मनगट धरून म्हणाली, "अवसेला गारीला इसरू नका. नं कोनाला सांगू नका. दिपिका शिकलेली पोर हाय, हसंल." तो म्हणाला, नाय विसरत. विसरला नाही. तीन वर्षं, दर अवसेला, अंघोळीआधी, घर उठायच्या आत बरणीत हात घालायचा. मिठाच्या पृष्ठभागावर एक खळगा होता. दमट हवेनं मीठ कडक धरतं आणि ज्या हातानं उचललं त्याचा आकार ठेवतं. तो खळगा तिच्या हाताचा होता. काशिराम बाजूचं मीठ घ्यायचा नाही, खळग्यातलंच घ्यायचा. म्हणजे एका मुठीपुरती दोघांची गाठ पडायची. पुढं पुढं खळगा रुंद झाला, कधी डावीकडं कललेला दिसायचा, मीठही त्याच्या अंदाजापेक्षा भरभर खाली चाललं होतं. हवा, असं तो मनाशी म्हणायचा. पनवेलच्या हवेत काय टिकतंय. मग गाडीपाशी जायचा, झाकण फिरवायचा, आणि ज्या हातानं दोन पिढ्यांचं लोखंड मिठापासून वाचवायला तेल लावलं होतं त्याच हातानं धवलीच्या पोटात मीठ सोडायचा. झाकण लावताना त्याला दर वेळी स्वच्छ कळायचं की आपण हिला मारतो आहोत. वाईट वाटायचं नाही. काहीतरी वेळेवर केल्याचं समाधान वाटायचं, आणि ह्या समाधानाचीच त्याला थोडी भीती वाटायची.

तेव्हा आता प्रश्न साधा होता आणि गणूनं तो सकाळीच, न कळत, नेमका विचारला होता. इंजिन बांधलं तर धवली राहील, पण मीठ बंद. चालू गाडी घेतली तर धवलीही नाही आणि मीठही नाही. तिच्यात काहीच घालायचं नसतं. कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी पुढच्या अवसेला त्याचा हात बरणीतून निघून कुठं जाणार, ह्याचं उत्तर दोन्हीकडे नव्हतं. आणि गुणाबाईला, ती जिथं कुठं पालथे हात ठेवून बसली असेल तिथं, काय सांगायचं? तिला त्याच्या थापा कधीच पटल्या नव्हत्या.

मितेश त्याला फाटकाशी सोडून, एक फोन करून येतो म्हणून कोपऱ्यावर गेला. सव्वा वाजला होता. घरात वालाच्या बिरड्याचा वास होता. काशिराम चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेला, कशाला ते न ठरवता. गाडी तर गॅरेजला पडली होती. पाय गेले तसा गेला. आणि दारातच थांबला.

ओट्याखालची बरणी पुढं ओढलेली होती. दिपिका तिच्यापुढं उकिडवी बसली होती आणि तिचा डावा हात कोपरापर्यंत बरणीत होता. दिपिका डावखुरी होती. हे त्याला दहा वर्षं ठाऊक होतं.

तिनं मान वळवून पाहिलं. हात बाहेर काढला नाही. काढला असता तर मूठ दिसली असती.

"बाबा, मी बिरड्यात..." ती म्हणाली, आणि थांबली. थाप मारण्यात ती अगदीच कच्ची होती.

"कवापासून?"

"आई गेल्यापासून." मग एकदम सगळंच आलं. "त्यांनी मला सांगितलं होतं. दर अवसेला, संध्याकाळी, तुम्ही पारावर जाऊन बसता तेव्हा. म्हणाल्या, बाबांना बोलू नको, ते साऱ्या गावाला त्याची गोष्ट करून सांगतील. आज गाडी नाही, पण घरात कुणी नव्हतं तसा सवयीनं हात गेला. बाबा, मला माहीत आहे हे असलं... मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री."

काशिराम दाराच्या चौकटीला टेकला.

"मी सकाली घालायचो," तो म्हणाला.

दिपिकाला ते कळायला तेवढा वेळ लागला जेवढा फोडणीतल्या मोहरीला लागतो. मग तिनं मिठानं माखलेला हात तोंडावर दाबला. हसते आहे की काय, ते त्याला दिसेना. खांदे हलत होते.

"दोन-दोनदा?" ती हाताआडून म्हणाली.

"दोन-दोनदा."

"आपणच मारली हो तिला."

"मारली म्हनू नको. जेवू घातली."

हे वाक्य त्याच्या तोंडून सहज निघालं, आणि निघाल्यावर ते चांगलं वाक्य आहे हे कळून त्याला, सवयीप्रमाणे, थोडं बरं वाटलं. मग ते बरं वाटणं विरलं. खळगा. तीन वर्षं ज्या खळग्यात तो हात घालत होता तो ह्या पोरीच्या हाताचा होता, डावीकडं कललेला. गुणाबाईचा खळगा पहिल्याच महिन्यात मोडला असणार. त्यानं वाकून बरणीत पाहिलं. आता खळगा नव्हताच. तळ दिसत होता, आणि कडेला, झाडू मारून गोळा करावं तसं, जेमतेम दोन चिमटी मीठ. तेवढ्यासाठी ही उकिडवी बसून खरवडत होती.

बांधायचं की घ्यायची, ते त्या क्षणी ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं असं नव्हे. भरती उतरायला लागते तेव्हा पाणी ठरवत नाही. मीठ संपलं होतं, आणि ज्या गाडीनं ते खाल्लं तिला आता दुसऱ्याचा ब्लॉक घालून, तिच्याकडून आणखी दहा वर्षं अळणी पाण्यावर घाट चढवून घेणं त्याला बरं वाटेना. त्यानं बरणी तिरपी केली, ते दोन चिमटी मीठ तळहातावर घेतलं आणि शेगडीवरच्या बिरड्यात सोडलं. दिपिकानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते कशासाठी, हे त्याला जेवताना कळलं. मग त्यानं स्वतः बरणी घासली, दोन पाण्यांनी धुतली आणि ओट्यावर उपडी ठेवली. बरणी आतून इतकी पांढरी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मितेश आला तेव्हा पानं घेतली होती. "हात धुतो," म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. नळाचा आवाज नव्हता. ओट्याखाली काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग काही नाही. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत उपडी केलेली ती बरणी होती.

"ही कुणी धुतली?" त्यानं विचारलं. चोरी झालेल्या घरचा माणूस विचारतो तसं.

"तुला कशाला बरणी?" काशिराम म्हणाला.

"नाही. म्हणजे..." मितेशनं बरणीकडे पाहिलं. "अवस आहे ना आज."

अवसेचं नाव निघाल्यावर मितेशला आपण काय बोललो ते कळलं, मग दिपिकाचं तोंड पाहून आणखी काहीतरी कळलं, आणि शेवटी बापाकडे पाहिल्यावर राहिलेलंही कळलं. तो बरणी घेऊनच पानावर बसला.

"ऑफिसातून आल्यावर घालायचो," तो खाली बघत म्हणाला. "गाडीतली पिशवी काढतो असं सांगून. आई म्हणाली होती, त्या दोघांना कळू देऊ नको."

सकाळ, संध्याकाळ आणि ऑफिसानंतर. डॉक्टरनं लिहून द्यावं तसं धवलीला अवसेच्या दिवशी तीन वेळा मीठ मिळत होतं, आणि तिघंही दुसऱ्या दिवशी तिच्यात बसून सुकापूर-पनवेल करत, एकमेकांना गाडी हल्ली गरम का होते म्हणून विचारत. गुणाबाईचा तिघांतल्या एकावरही विश्वास नव्हता म्हणून तिनं तिघांना सांगितलं, की तिघांवरही होता म्हणून, हे आता कळायला मार्ग नव्हता. पण तिघांना वेगवेगळं गाठून, प्रत्येकाला दुसऱ्याच्या हसण्याची भीती घालून, तिनं तीन वर्षं ह्या घराला एका कामाला जुंपलं होतं आणि मोबदल्यात फक्त गाडी घेतली होती.

दिपिकानं वाढलं. काशिरामनं पहिला घास घेतला. बिरडं खारट झालं होतं. खारट म्हणजे अगदी जीभ मागे सरावी असं. पुडीतलं मीठ आधीच पडलं होतं आणि त्यावर आगराचं. मितेशनं घास घेतला, क्षणभर थांबला, चावला आणि गिळला. दिपिकानंही गिळला. कुणी पाणी मागितलं नाही. काशिरामनं भाकरी मोडली आणि वाटी पुढं केली, "घाल अजून."

तेवढ्यात फोन वाजला. हाताला बिरडं लागलं होतं म्हणून मितेशनं स्पीकरवर टाकून मधे ठेवला.

"काका, पावणेतीन झाले," गणूचा आवाज आला. "काय ठरलं? बांधायचं का घ्यायची?"

"घ्यायची. मॅडमना सांग, येतो."

"बरं झालं. अन् धवली?"

"तिनं खाल्लं तेवढं बस झालं. भंगारात जाऊ दे तिला." काशिराम थांबला. "रेडिएटरचं झाकण तेवढं काढून ठेव माज्यासाठी."

"झाकण? त्याचं काय करनार?"

"ठेव म्हनतो ना."

"ठेवतो. पन आता तरी खरं सांगा काका. गाडी चाललीच हाय, आता कोन विचारनार नाय. मीठ कुठनं आलं?"

काशिरामनं मितेशकडे पाहिलं, मग दिपिकाकडे. दोघंही ताटात बघत होते. खोटं सुचायला त्याला एरवी श्वासभर वेळ लागत नसे; आत्तासुद्धा एक दारात येऊन उभं राहिलंच होतं, चांगलं होतं, त्यात एक देवमासा होता. त्यानं त्याला आत घेतलं नाही. त्यानं सरळ सांगितलं: आगराचं शेवटचं मीठ, बरणी, गुणाबाई, अवस, ती गेल्यावर आपण, मग कळलं की सून, मग कळलं की पोरगा, तिघं तीन वेळा, रेडिएटरच्या झाकणातून, एकमेकांना चोरून. एकही शब्द वाढवला नाही. सांगताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. कसलाही चढउतार नाही, कसलाही वास नाही.

फोनमध्ये गणू हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. गॅरेजात आणखी कुणाला तरी ऐकवावं म्हणून त्यानं तोंड फिरवलेलंही कळलं.

"राहू द्या काका," तो दम खात म्हणाला. "त्यापेक्षा ती ताडीची पटली होती."